ताराबाईची सही

मलकापुरात आम्ही पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहायचो. गिरणी आणि खोली यांच्यात एकच भिंत होती, आणि सकाळी सातला पट्टा चढला की ती भिंत थरथरायला लागायची. फळीवरचे पितळी डबे हळूहळू कडेला सरकत यायचे, आणि आई येता-जाता तळहातानं ते मागे ढकलायची. तिला आता त्याची इतकी सवय झाली होती की बोलणं न थांबवता ती हे करायची. माझ्या वह्या, बाबांची टोपी, चुलीजवळची लाकडं, सगळ्यावर पिठाचा थर असायचा. उन्हाळ्यात गिरणीत मिरची दळायला आली की आम्ही चौघं शिंकत शिंकत जेवायचो. धाकटा दिलीप तेव्हा नऊ वर्षांचा होता, त्याला त्याचं हसू यायचं. मला येत नसे. मला त्या खोलीत कशाचंच हसू यायचं नाही, कारण मी पंधरा वर्षांची झाले होते आणि आमच्याकडे न्हाणी नव्हती.

आंघोळीची सोय म्हणजे मागच्या अंगणात एक फरशी आणि तिच्याभोवती चार खुंट्यांना बांधलेलं आईचं जुनं लुगडं. सातच्या आत उरकायचं, कारण त्यानंतर दळणवाल्यांची रांग त्याच बाजूनं वळायची. वारा सुटला की लुगडं फुगायचं. मी त्याच्या कडांवर विटा ठेवायची आणि एका हातानं कापड धरून दुसऱ्या हातानं तांब्या ओतायची. एकदा खुंटीच निघून आली. कोणी पाहिलं की नाही ते मला अजून माहीत नाही, पण मी दोन दिवस शाळेत गेले नाही आणि का ते कोणालाही सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाबांना एवढंच सांगितलं की घर बघा, भाड्याचं नाही, आपलं.

बाबा जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायच्या आणि आकडा मोठ्यानं बोलायचा, हे त्यांचं काम. बाकी आयुष्यात त्यांचा आवाज क्वचितच चढला असेल. घर बघायला ते चार महिने रोज संध्याकाळी हिंडले आणि दरवेळी भाव ऐकून 'बघू' म्हणून परत आले. शेवटी रुळांच्या पलीकडे एक घर निघालं. दोन खोल्या, समोर ओटा, मागे अंगणात लिंबाचं झाड, वर पत्रे. कापडदुकानवाले वसंतराव यांच्या वडिलांचं ते घर. वडील वारल्यापासून बंदच होतं, कारण वसंतरावांनी स्टेशन रोडला माडी बांधली होती. आम्ही पाहायला गेलो तेव्हा आई-बाबा पत्र्यांची भोकं मोजत होते आणि मी मागच्या अंगणात गेले. तिथे न्हाणी होती. तिला सागवानी दार होतं आणि दाराला आतून लोखंडी कडी. मी आत गेले, कडी लावली, उघडली, परत लावली. बाहेर गाडीची शिट्टी झाली, लिंबाचा पाला हलला, आणि मला आत कोणी बघत नव्हतं. माझ्यापुरतं घर तिथेच घेऊन झालं. आज अकोल्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन न्हाण्या आहेत आणि घरात मी एकटी, तरी कडी लावल्यावर ती एकदा ओढून बघितल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही.

इसार म्हणून बाबांनी अकराशे एक रुपये दिले. अठरा हजारांच्या घराला एवढाच इसार ऐकून जिनिंगमधले लोक हसले होते. पण वसंतराव बाबांना ओळखून होते, आणि उरलेल्या रकमेचं कर्ज जिनिंगच्या पतपेढीकडून मंजूर होत होतं. त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. ओट्यावर बसून इसारपावती लिहिली, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, नारळ फोडला. पावतीत लिहिलं होतं की मुदतीत खरेदी झाली नाही तर सौदा रद्द. त्या ओळीकडे आमच्यापैकी कोणी लक्ष दिलं नाही. आईनं नारळाचे तुकडे गिरणीसमोरच्या रांगेत वाटले आणि बाबांनी त्याच संध्याकाळी गिरणीवाल्यांना सांगून टाकलं की वैशाख संपता खोली मोकळी करतो. गिरणीवाल्यांनी लगेच ती खोली आपल्या पुतण्याला कबूल केली, त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणजे एका नारळात आम्ही जुनं छप्पर सोडलं होतं आणि नवं अजून डोक्यावर यायचं होतं.

घोळ कळला तो अर्जनवीसाकडे. खरेदीखताचा मसुदा करायला बाबा घराचा उतारा घेऊन गेले, तर त्यावर नावं दोन निघाली. वसंतराव, आणि त्यांची बहीण ताराबाई. बापाचं घर, बापानं लिहून काही ठेवलेलं नाही, तेव्हा बहिणीची सही लागणार. वसंतरावांना हे सांगितलं तेव्हा ते दुकानात गिऱ्हाइकाला खण दाखवत होते. ते म्हणाले, तारीची सही म्हणजे एका साडीचं काम आहे. त्यात त्यांची फार चूक होती असं नाही. आमच्या भागात तेव्हा असंच चालायचं आणि आजही चालतं. बहिणीला साडीचोळी करायची, पाट मांडायचा, जेवू घालायचं, आणि ती बापाच्या घरावरचं नाव सोडून देते. न सोडणारीला लोक नावं ठेवतात. वसंतरावांनी पाट मांडला नाही की जेवू घातलं नाही. दुकानातल्या ढिगातून एक साडी काढली, कागदात गुंडाळली, आणि साखरखेर्ड्याकडे जाणाऱ्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिली, सोबत मलकापूरला येऊन सही करून जाण्याचा निरोप. ताराबाई साखरखेर्ड्याला दिलेल्या होत्या.

आठव्या दिवशी तोच कंडक्टर तीच साडी परत घेऊन आला. कागदही तोच. निरोप असा होता की मी दुकानातून काही मागवलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी वसंतरावांच्या दुकानावरून येत आणि टोपी खुंटीला लावताना मान हलवत. वसंतराव म्हणत, मी साडी पाठवली, माझं काम झालं. लग्नसराईत, आखाजीच्या तोंडावर दुकान सोडून नाक घासायला जाऊ काय. तुमचा इसार परत घेऊन जा, माझी हरकत नाही. हरकत कशी असेल. कोपऱ्यावरचा सरकी-ढेपेचा व्यापारी आता त्या घराला जास्त भाव देत होता आणि थांबायलाही तयार होता. एक दिवस शाळेतून येताना मुद्दाम वाट वाकडी करून मी त्या घरावरून गेले, तर तो व्यापारी पायानं ओट्याची लांबी मोजत होता, एकापुढे एक पाऊल ठेवून. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. इकडे गिरणीवाल्यांचा पुतण्या नवरदेवाची हळद लागायच्या आधीच खोलीचं माप घेऊन गेला होता, पलंग बसतो का ते पाहायला. मुदत संपत होती आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. आखाजीला बारा दिवस होते.

बाबांना जिनिंगमधून सुट्टी नव्हती, आणि सुट्टी असती तरी परक्या बाईपुढे त्यांना शब्द फुटला नसता. आई म्हणाली, मी जाते. कागद वाचायला म्हणून मला सोबत घेतलं. मलकापूर ते साखरखेर्डा म्हणजे मोताळा, बुलढाणा, चिखली असं करत, गाड्या बदलत पाच-सहा तास. ऊन असं की खिडकीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. आई वाटेत एकदाही बोलली नाही. फक्त बुलढाण्याला तिनं बांधून आणलेली भाकरी आणि ठेचा काढला, मला दिला, आणि स्वतः खाल्लं नाही. ती घाबरली आहे हे मला तेव्हा कळलं, आणि आई घाबरू शकते या गोष्टीनं मी जास्त घाबरले.

ताराबाईंच्या अंगणात बाजांवर कुरडया वाळत होत्या. बाई उंच, काळीसावळी, वसंतरावांचंच नाक. त्यांनी आम्ही कोण ते विचारण्याआधी गूळपाणी दिलं, मग पिठलं-भाकरी केली, वाढली, आणि आमचे हात धुवून झाल्यावर समोर बसल्या. आईनं सगळं सांगितलं. गिरणीची खोली, नारळ, पुतण्याचं लग्न, मुदत. ताराबाई ऐकत होत्या आणि मधूनमधून उठून कुरडयांवरची चिमणी हाकलत होत्या. आईचं संपल्यावर म्हणाल्या, तुमचं खरं आहे बाई, पण सही होणार नाही. त्यांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला संताप आला. माझ्या डोळ्यांपुढे न्हाणीचं दार होतं आणि ही बाई कुरडया राखत होती. आईनं माझ्या पायाला चिमटा काढला तरी मी बोललेच.

"एका सहीसाठी एवढं काय?"

ताराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत.

"भाऊ आहे का तुला?"

"आहे. नऊ वर्षांचा."

"मग थांब जराशी," त्या म्हणाल्या. "हे तुझं बोलणं ध्यानात ठेव."

मग त्यांनी आईला सांगितलं. बाप वारला त्या वर्षीच्या आखाजीला त्या पिशवी भरून बसल्या होत्या. आखाजीला सासरवाशीण माहेरी जाते, आणि ती आपली आपण जात नाही, तिला घ्यायला माहेराहून मुराळी यावा लागतो. भाऊ, भाऊ नसला तर चुलतभाऊ, पण कोणीतरी यायला हवं. कोणी आलं नाही. लग्नसराई, दुकान. दुसऱ्या वर्षीही नाही. अकरा आखाज्या झाल्या. सासरची माणसं आधी विचारायची, मग चिडवायची, मग त्यांनी तेही सोडून दिलं. "आणि आता साडी आली, बाई," त्या म्हणाल्या, "तर तिच्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. तेवढी तरी काढायची." आई म्हणाली, मी घेऊन जाते तुम्हाला, माझ्यासोबत चला. ताराबाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही चांगल्या आहात, पण तुम्ही माझ्या कोण? आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आईच्या ओटीत गहू घातले आणि माझ्या हातात कागदात बांधलेल्या कुरडया दिल्या. त्या बाईचा राग धरायला काही जागाच नव्हती, आणि मी परतीच्या पूर्ण वाटेत तो धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आई वसंतरावांच्या दुकानात गेली, मलाही नेलं. दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती. मला वाटलं आई हात जोडेल, तुमची बहीण वाट पाहते आहे म्हणून सांगेल. आई गादीच्या कोपऱ्यावर बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वसंतभाऊ, ताराबाई अर्धा हिस्सा मागून राह्यल्या."

वसंतरावांच्या हातातला गज कापडावर थांबला. मी आईकडे पाहिलं. हिश्श्याचा शब्दही त्या अंगणात निघाला नव्हता. पण आई पुढे बोलतच होती. वकील पाहायचं म्हणत होत्या. मी लय समजावलं. म्हटलं, भाऊ स्वतः घ्यायले आला तं? तं म्हने, मंग पाहू. एवढं सांगून ती उठली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली, मागे वळून न बघता. रस्त्यावर मी तिला विचारलं की तू खोटं काऊन बोलली. ती थांबली. उन्हानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"तुले कडीचं दार पाह्यजे ना? मंग चूप राह्य."

मी चूप राहिले. आईला मी आधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. वसंतराव आखाजीच्या दोन दिवस आधी दुकान नोकरावर टाकून साखरखेर्ड्याला गेले, ही बातमी बाबांनीच आणली, आणि ती सांगताना ते इतके खुश होते की बहिणीवरची माया कशी शेवटी जागी होते यावर जेवताना बोलत राहिले. आई खाली मान घालून भाकरी थापत होती. गिरणी बंद झाल्यामुळे भाकरीचा तेवढा आवाज येत होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी एसटी स्टँडवर जाऊन उभ्या राहिलो. चिखलीकडून आलेली पहिली गाडी रिकामी झाली, त्यात ते नव्हते. दुसरी दीड तास उशिरा आली. माणसं उतरत राहिली, आंब्याच्या पेट्या उतरल्या, एक नवरी उतरली, शेवटी कंडक्टरही उतरून पाणी प्यायला गेला. आईनं माझा हात धरला तो मनगटावर, आणि तिची बोटं गार होती. मग वसंतराव दिसले. त्यांच्या हातात बायकी पिशवी होती, जुन्या लुगड्याची शिवलेली. त्यांच्या मागे ताराबाई. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. वसंतरावांनी पिशवी आईच्या पायाशी ठेवली, "आनलं," म्हणाले आणि दुकानाकडे चालू पडले. ताराबाईंनी सांगितलं की वाटभर तो पुढे बसला होता आणि त्या मागे बायकांत. आईनं माझं मनगट सोडलं. दोघं बोलले नव्हते, म्हणजे अर्ध्या हिश्श्याची गोष्ट निघाली नव्हती.

ताराबाई माडीवर गेल्या नाहीत. बापाच्या घरीच राहीन म्हणाल्या. आईनं वसंतरावांकडून किल्ली आणली, आमची भांडी रुळांपलीकडे नेली आणि आखाजीचा स्वयंपाक त्या अजून परक्या घरात केला. पुरणपोळी, आमरस, ताराबाईंच्याच कुरडया तळलेल्या. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्या तोंडावर खरबूज ठेवतात, शेजारी जेवणाचं पान. ते लेकानं करायचं असतं म्हणून वसंतराव दुपारी आले, ओलेत्यानं घागर भरली, बापाचं नाव घेतलं. ताराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. साखरखेर्ड्याला त्या 'मला', 'तुला' बोलत होत्या, इथे उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यापासून 'मले', 'तुले' सुरू झालं होतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. दोघं भाऊबहीण शेजारी शेजारी जेवायला बसले. आईनं त्यांना एक घटकाभरही एकटं सोडलं नाही. रस वाढायला ती, पोळी वाढायला ती, तूप वाढायला ती. वसंतराव बोलायला तोंड उघडायचे की आई त्यांच्या पानात काहीतरी घालायची. मला हसू यायला हवं होतं, पण मी आईचा हात परत त्या पानाकडे कधी जातो तेच बघत होते. पोळी संपवून ताराबाईंनी स्वतःच्या वाटीतला रस भावाच्या वाटीत ओतला. तेव्हा मला वाटलं, झालं, आता उद्या सही होणार.

रजिस्ट्री कचेरीत आमचा नंबर लागला तेव्हा बारा वाजत आले होते. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पंख्याचा करकर आवाज, शाईचा वास, भिंतीला टेकून बसलेली माणसं. अर्जनवीसानं खत वाचून दाखवलं. वसंतरावांनी सही केली. मग कागद ताराबाईंपुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. ताराबाईंनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"वसंता, काल तू जेवताना काही म्हनत होतास. या बाईनं तुले पोळी वाढली, ते राहूनच गेलं."

"तुया हिश्शाचं म्हनत होतो. अर्धा कसा देऊ, तारे? थोडं समजून घे."

"अर्धा मी कधी मागतला?"

वसंतरावांनी आईकडे पाहिलं, मग बाबांनी पाहिलं. बाबांना सगळं एकदम कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. माझ्या कानात गिरणी सुरू झाली. आता हे उठून जातील, आजचा दिवस संपेल, ओटा त्या व्यापाऱ्याचा होईल आणि आमचं सामान रस्त्यावर येईल, हे मला समोर दिसत होतं. आई उभी राहिली.

"मी सांगतलं," ती म्हणाली. "खोटं सांगतलं. भाऊ घ्यायले जात नव्हते म्हनून."

ताराबाईंनी आईकडे पाहिलं. नंतर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"बरं केलं बाई," त्या म्हणाल्या. "मले सुचलंच नव्हतं. अर्धा लिहा."

वसंतराव ताडकन उठले. घ्यायला आलो, बापाची घागर तुझ्यासमोर भरली, एका ताटात जेवल्यासारखं जेवलो आणि आता हे, असं काहीसं ते बोलत होते, आणि आवाज चढत होता. ताराबाई बसूनच होत्या.

"तू आलास ते अर्ध्याच्या भेवानं आलास," त्या म्हणाल्या. "मायासाठी आला असतास तं मी फुकट सही केली असती."

वसंतराव बाहेर निघून गेले. खिडकीतून दिसत होतं, चिंचेखाली ते पाठमोरे उभे होते. कचेरीतला कारकून म्हणाला, जेवणाची सुट्टी होईल, ठरवा. अर्जनवीस म्हातारा होता, त्यानं असं पुष्कळ पाहिलं असावं. तो खिडकीशी जाऊन शांतपणे म्हणाला की भाऊसाहेब, गिऱ्हाईक कोणतंही आणा, ही सही लागणारच. वसंतराव हलले नाहीत. बाबा एकदाच मला म्हणाले, पाणी पिऊन घे, आणि मी गेले नाही. मला वाटत होतं की मी जागेवरून उठले तर सगळं मोडेल. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. वसंतराव आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "लिहा," एवढंच म्हणाले. ते कशामुळे परत फिरले हे मी नंतर अनेक वर्षं मनात घोळवलं. अर्जनवीसाच्या बोलण्यानं असेल, किंवा बहिणीचं म्हणणं खरं होतं म्हणून असेल. खत नव्यानं लिहिलं, रक्कम दोघांच्या नावे अर्धी-अर्धी पडली. ताराबाईंनी एकेक अक्षर काढत सही केली. एवढा वेळ लागला की अर्जनवीसानं दोनदा चष्मा पुसला.

बाहेर आल्यावर वसंतराव कोणाकडे न बघता गेले. ताराबाई त्यांच्याकडे वळणापर्यंत पाहत होत्या. हिस्सा मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. त्या आईला म्हणाल्या, आता मुराळी येनार नाई. आईनं त्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, आमच्याकडून येईल, घर तेच आहे. मी हे तेव्हा बोलायची रीत म्हणून ऐकलं होतं. पण पुढच्या आखाजीला बाबा, ज्यांना परक्या बाईपुढे शब्द फुटत नसे, ते खरंच साखरखेर्ड्याला जाऊन उभे राहिले. पुढे दिलीप मोठा झाल्यावर तो जायला लागला. ताराबाई असेपर्यंत, सतरा वर्षं. त्या यायच्या, ओट्यावर बसायच्या, आमच्या भिंतींच्या रंगाला नावं ठेवायच्या, लिंबाची कोणती फांदी कशी तोडायला नको होती ते सांगायच्या, आणि जाताना आईच्या गळ्यात पडून रडायच्या.

राहायला गेलो त्या पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या शेवटी आंघोळीला गेले, मुद्दाम, दहा वाजता. कडी लावली. पाणी अंगावर घेतलं आणि मला रडू आलं. ते आनंदाचं होतं, पण त्यात ताराबाईंचं वळणापर्यंत पाहणंही होतं. बाहेरून दिलीप दार वाजवत होता की ताई, किती वेळ. मी मुद्दाम आणखी एक बादली घेतली.

बाबा गेले, मागच्या वर्षी आईही गेली. घर आता पाडायचं आहे, तिथे दिलीप मुलांसाठी मोठं बांधणार आहे. गेल्या आठवड्यात त्यानं मोबाईलवर हक्कसोडीचा कागद पाठवला. प्रिंट काढ, सही कर, कुरिअरनं पाठव. दिलीप वाईट नाही. आईच्या आजारपणात त्यानं केलं तेवढं मी केलं नाही, हे मी कोणाहीपुढे कबूल करीन. कागद तसाच टेबलावर पडून राहिला म्हणून काल त्याचा फोन आला. कामाच्या गडबडीत होता, मागे कोणीतरी हाका मारत होतं. तो म्हणाला, "एका सहीसाठी एवढं काय, ताई?"

मी खुर्चीवर बसले. त्याला त्या अंगणातल्या कुरडया माहीत नाहीत, तो तेव्हा गिरणीच्या खोलीत खेळत होता. मी म्हटलं, कागद राहू दे, आखाजी आली आहे, घ्यायला ये. तो म्हणाला, गाडी पाठवतो. मी म्हटलं, गाडी नको, तू ये. तो हसला, आणि मग हसायचा थांबला. कितीतरी वर्षं तो साखरखेर्ड्याच्या वाटेनं गेला होता, मुराळी कशासाठी जातो ते त्याला समजावायची गरज नव्हती. पलीकडच्या हाका बंद झाल्या. तो कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

"हिस्सा मागशील काय, ताई?" त्यानं विचारलं.

"आधी ये," मी म्हटलं. "तू कशासाठी आलास ते पाहून सांगीन."